खांबाला नंबर असतो

दिवाळी अंकात आगीचे नाव काढू नये असा काही संकेत असेल, तर तो मी आज मोडणार आहे. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन घरातल्या घरात हातोहात फिरणारा हा अंक. त्यात एखादी कथा शोभते, व्यंगचित्र शोभते, फार तर राशिभविष्य शोभते. वणव्याचे भांडण शोभत नाही हे मला कळते. पण वणवा पेटतो फाल्गुन-चैत्रात, आणि त्या दिवसांत कोणी दिवाळी अंक काढीत नाही. शिवाय जे करायचे ते आत्ताच, डोंगरावरचे गवत पिवळे पडू लागले असतानाच करायचे असते. चैत्रात बोंब मारून फक्त घसा बसतो.

मी इंजिनियर नाही. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही. दिवसा मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. विजेच्या शास्त्रात या बाईने लुडबूड का करावी, असे कोणी विचारील. माझे उत्तर एवढेच, की बेरीज-वजाबाकीपलीकडचे शास्त्र या प्रकरणात फारसे लागतच नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली म्हटले की परगावच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर गर्दीच्या लोकल आणि गच्च इमारती उभ्या राहतात. आमच्याभोवती डोंगर आहेत हे त्यांना ठाऊक नसते, आणि खरे सांगायचे तर आमच्यातल्याही पुष्कळांना नसते. ठाण्याच्या उशाशी येऊर आहे. बोरिवलीपर्यंत पसरलेल्या सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानाचा तो एक पदर. कळव्याच्या पुढे पारसिक आणि मुंब्र्याचा डोंगर, डोंबिवलीच्या पलीकडे उंबार्लीची टेकडी, अंबरनाथकडे मलंगगड, बदलापूरच्या मागे बारवीचे रान. पावसाळ्यात या सगळ्यांवर पुरुषभर गवत माजते आणि माघ सरता सरता त्याचा चुना होतो. मार्चमधल्या एखाद्या रात्री शेवटच्या स्लो लोकलच्या खिडकीतून मुंब्र्याकडे पाहावे. डोंगरावर आगीची माळ लावलेली दिसते. डब्यातले लोक म्हणतात, ‘काय सुंदर दिसतंय!’ कोणी मोबाइलवर चित्र घेतो. मग दिवा स्टेशन येते आणि डोंगर विसरला जातो.

या माळा कोण लावतो? ठरलेले उत्तर तयार असते: अज्ञात इसम. हा अज्ञात इसम आमच्या जिल्ह्यातला सर्वांत कष्टाळू माणूस असला पाहिजे. तो एकाच रात्री येऊरला असतो, मलंगगडाखाली असतो आणि मुरबाडच्या हद्दीतही असतो. कागदावर त्याचे नाव नसते, पण बोलताना नाव घेतलेच तर ते नेहमी पाड्यावरच्या माणसाचे असते. ठाकूर, कातकरी, वारली, मध काढणारा, मोहाची फुले वेचणारा, बिडी टाकणारा.

मी आंधळी नाही. वणव्यांपैकी बहुतेक माणसाच्या हातूनच लागतात, हे वनखात्याचे म्हणणे मला मान्य आहे. नवे कोवळे गवत यावे म्हणून जुने जाळतात. मोहाखालची जमीन साफ करण्यासाठी जाळतात. शिकारीसाठी जाळतात, सहलीला आलेले बाबू शेगडी पेटती टाकून जातात, आणि जागा मोकळी करून घ्यायची असते ते कशासाठी जाळतात हे सांगायला नको. भातशेतीचा राबही आहे. टहाळ, पाचोळा, शेण वाफ्यावर पसरून भाजायचे आणि त्यात रोप टाकायचे, ही ठाणे-कुलाब्याची फार जुनी रीत. इंग्रजांनी १८८५ साली या दोन जिल्ह्यांतल्या जंगलाच्या तक्रारींसाठी कमिशन नेमले, त्याच्यापुढेही हा राबाचा वाद होताच. म्हणजे ज्याच्या हातात काडी आहे त्याची चौकशी करायला आपण सव्वाशेहून अधिक वर्षे शिकलो आहोत.

माझे भांडण वेगळे आहे. त्याच गवतावरून, त्याच डोंगरउतारावरून विजेच्या तारा जातात. त्यांची चौकशी करायला आपण कधी शिकणार?

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली गोष्ट. आमची इमारत शहराच्या अगदी कडेला आहे. आमची लाइन पुढे दोन गावांतून जाऊन डोंगराच्या पायथ्याशी ठाकरांच्या पाड्यावर संपते. माझी शाळा त्याच वाटेवर. त्या संध्याकाळी वारा होता. सात वाजता दिवे गेले. घरात उकाडा, दुसऱ्या दिवशी मुलीची परीक्षा. मी तक्रारीच्या नंबरावर फोन केला. दिवे आले आणि मिनिटभरात गेले. मी पुन्हा फोन केला, खालच्या मजल्यावरच्या काकांनी केला, समोरच्या वहिनींनी केला. पुन्हा आले, पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला माझ्या तोंडून दोन वावगे शब्द गेले. मग एकदाचे दिवे टिकले. पंखा सुरू झाला आणि मी समाधानाने पोळ्या लाटायला बसले. नऊच्या सुमारास गच्चीवर कपडे काढायला गेले तेव्हा डोंगराच्या कमरेला लाल रेघ दिसली.

पाड्यावर माणूस मेला नाही. पेंढ्याच्या चार उडव्या गेल्या, एका घराची पडवी गेली, आंब्याची कलमे गेली आणि वर अर्धा डोंगर गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या चौथीतल्या एका मुलाच्या बापाला बोलावून नेले. आदल्या दिवशी तो मध काढायला वर गेला होता, हे कोणीतरी सांगितले होते. संध्याकाळी सोडला. काही सिद्ध व्हायचेच नव्हते. मला रस्त्यात भेटला तेव्हा मान वर न करता म्हणाला, ‘आमी नाय लावली, बाय.’ मी त्याला विचारलेदेखील नव्हते.

त्याचा मुलगा मात्र बोलका. वर्गात उभा राहून म्हणाला, ‘बाई, तारंतून फुलबाजे पडले. लाइट आली तवा पडले, गेली तवा थांबले, परत आली तवा परत पडले.’ मुले हसली. तिसऱ्या दिवशी त्याने एक काडेपेटी आणून माझ्या टेबलावर ठेवली. आत काड्या नव्हत्या. राखेत माखलेले, वाटाण्याएवढे, चंदेरी असे पाच-सहा मणी होते. खांबाखालच्या राखेत सापडलेले, वितळून गोठलेल्या तारेचे थेंब. मी ती काडेपेटी घेऊन एका कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी मणी तळहातावर घेतले, उलटसुलट केले आणि म्हणाले, ‘बाई, हे एखाद्या जर्मनच्या टोपाचंही असेल.’ ती काडेपेटी अजून माझ्या खणात आहे.

त्या दिवसापासून मला जो भेटेल त्या जाणत्याला विचारायची खोड लागली. कळले ते असे. उघड्या तारा उन्हाने आणि विजेच्या भाराने तापतात, तापल्या की लांबतात, लांबल्या की लोंबतात. वाऱ्याने दोन लोंबत्या तारा एकमेकींना भिडल्या की चमक उठते आणि वितळलेल्या ॲल्युमिनियमचे थेंब खाली पडतात. खाली हिरवे शेत असेल तर ते विझतात, वाळके गवत असेल तर विझत नाहीत. खांबावरचा सैल पडलेला जंपर ठिणग्या टाकतो. चिनीमातीच्या इन्सुलेटरवर धूळ बसून तो तडकतो. डीपीजवळचा फ्यूज उडतो तेव्हा त्याचे तापलेले तुकडे खालीच पडतात. आणि डीपीच्या पेटीत फ्यूजच्या जागी कोणी जाड तांब्याची तार पिळून ठेवली असेल, तर जो फ्यूज जळून थांबायला हवा तो थांबतच नाही. मग थांबते ते काहीतरी दुसरे जळून!

या तारांना जाडीप्रमाणे प्राण्यांची नावे असतात, हेही मला तेव्हाच कळले. स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग. जंगलावरून ससा नेला म्हणे! ज्याने ही नावे ठेवली त्याला खालचे खरे ससे वणव्यात कसे पळतात ते पाहायला मिळाले नसावे.

‘पण बिघाड झाला की उपकेंद्रात ब्रेकर पडतो, वीज आपोआप बंद होते,’ असे साहेब लोक सांगतात. पडतो, नेहमी नव्हे. तुटलेली तार ओल्या जमिनीवर पडली तर प्रवाह जोरात वाहतो आणि ब्रेकरला कळते. उन्हाळ्यातल्या कोरड्या मुरमावर, कातळावर, गवतावर पडली तर प्रवाह इतका थोडा वाहतो की ब्रेकरला वाटते, कोणीतरी एखादी मोटर चालवत असेल. तार तिथेच चरचरत राहते. आणि ब्रेकर पडला तरी पुढे काय? ऑपरेटर ‘ट्रायल’ घेतो. म्हणजे लाइन कुठे काय झाले हे न पाहता पुन्हा वीज सोडून बघतो. टिकली तर ठीक, नाही तर पुन्हा. माझ्या त्या संध्याकाळच्या तीन फोनांचा अर्थ हा होता. प्रत्येक फोनाला एक ट्रायल, प्रत्येक ट्रायलला एक फुलबाजा.

हे फक्त आमच्या गरीब देशातच होते अशी समजूत कोणी करून घेऊ नये. हवाई बेटांतील लाहायना हे गाव ८ ऑगस्ट २०२३ रोजी जळाले आणि १०२ माणसे गेली. चौकशीत निघाले, की वाऱ्याने तुटलेल्या तारांत पुन्हा वीज सोडली गेली आणि सकाळी गवत पेटले. ती आग विझली असे समजून माणसे परतली, आणि दुपारी तीच उठली. कॅलिफोर्नियात ८ नोव्हेंबर २०१८ रोजी पॅराडाइज नावाचे गाव खाक झाले, ८५ माणसे मेली. कारण काय, तर जवळजवळ शंभर वर्षांच्या लाइनवरचा एक झिजलेला लोखंडी आकडा. तिथल्या वीज कंपनीने २०२० साली न्यायालयात उभे राहून ८४ मनुष्यवधांचा गुन्हा कबूल केला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात ७ फेब्रुवारी २००९ या एका दिवसाच्या वणव्यांत १७३ जण मेले. त्यांतले ११९ एकट्या किलमोर ईस्टच्या आगीत, आणि ती आग तुटलेल्या तारेची. तिथे आयोग बसला. त्याने तारा बदलायला सांगितलेच, पण आगीच्या मोसमात आपोआप पुन्हा वीज सोडणारी यंत्रे बंद ठेवा किंवा त्यांना आवर घाला, असेही बजावले. मुरबाडच्या ठाकराने बिडी टाकली असे त्या आयोगाने लिहिले नाही, कारण त्यांच्याकडे ठाकूर नव्हते.

आमच्याकडे आयोग नको, साधा पंचनामा तरी? कोल्हापूर-सांगलीकडे तारांच्या ठिणगीने उसाचे फड पेटतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिथे तलाठी येतो, वीजवाले येतात, कोणती तार, कुठला खांब, हे लिहिले जाते. कारण ऊस हा माल आहे, त्याला टनामागे भाव आहे आणि जळीत ऊस कारखाना कापून घेतो. सिंधुदुर्गात काजूची बाग जळली तरी बागवाला कागद घेऊन भांडतो. डोंगरावरच्या गवताला भाव नाही. कारवीला भाव नाही. घोरपडीला आणि सशाला तर नाहीच. म्हणून तिथे अज्ञात इसम येतो.

कायदा पाहा. २००३ च्या वीज कायद्याचे १६१ वे कलम सांगते, की विजेच्या लाइनवर अपघात होऊन माणूस किंवा जनावर मेले, जखमी झाले, किंवा तसे होण्याचा संभव असला, तर विद्युत निरीक्षकाला कळवलेच पाहिजे. चांगले कलम आहे. पण त्यात आगीचे नाव नाही. डोंगर जळाला आणि कोणी मेले नाही, तर कळवण्याजोगे काही घडलेच नाही! त्याच कायद्याचे ६८ वे कलम मात्र लाइनच्या आड येणाऱ्या झाडाला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करू शकते आणि तोडून टाकू शकते. झाड तारेला लागले तर झाडाचा खटला आहे, तार झाडाला लागली तर तारेचा खटला नाही. कादंबरीत मी असा न्यायाधीश रंगवला असता तर टीकाकारांनी मला अतिशयोक्त म्हटले असते.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली, ते आठवत असेल. कळवा-पडघा भागातल्या मोठ्या वाहिन्यांत बिघाड झाला आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. त्याच दिवशी मंत्री बोलले, समित्या नेमल्या गेल्या, अहवाल झाले. झालेच पाहिजेत. मी एवढेच म्हणते, की मुंबईचा दिवा काही तास गेला तर खांब अन् खांब तपासता येतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाला उपग्रहावरून आगीचे ठिकाण कळते आणि ते वनखात्याला लगोलग कळवले जाते. उपग्रहाला ठिकाण कळते, कारण कळत नाही. कारण माणसाने जाऊन पाहायचे असते. तेव्हा माझे मागणे असे, की वणव्याच्या प्रत्येक पंचनाम्यात एक रकाना वाढवा: आगीच्या सुरुवातीच्या जागेपासून जवळात जवळचा खांब कोणता आणि किती पावलांवर. बिडी ओढणाऱ्याचा नकाशा कोणाजवळ नाही. खांबाचा आहे. खांब पळून जात नाही, नाव बदलत नाही, त्याला मालक असतो आणि त्याच्या अंगावर नंबर रंगवलेला असतो. वणव्याच्या शंभर कारणांतले हे एकच कारण असे, की ज्याचा पत्ता आधीपासून ठाऊक आहे. ते शंभरात पाच असो की दहा. जे रोखता येते ते आधी रोखायचे, की ज्याचा पत्ताच नाही त्याच्या मागे पाड्यापाड्यातून फिरायचे?

आता उपाय विचाराल तर, ‘सगळ्या तारा जमिनीखाली घाला’ असे मी म्हणणार नाही. कातळ फोडून पाड्यापर्यंत केबल न्यायला पैसा लागतो आणि तो पाड्यासाठी कोणी देत नाही हे मला माहीत आहे. पण लोंबत्या तारा ताणून घ्यायला, दोन तारांमध्ये स्पेसर बांधायला, सैल जंपर आवळायला आणि खांबाखालचे, डीपीखालचे गवत कापायला परदेशी शास्त्रज्ञ लागत नाहीत. जिथे रान दाट आहे तिथे उघड्या तारेऐवजी आवरण असलेली एकत्र पिळलेली केबल टाकता येते, शहरात ती कित्येक गल्ल्यांत आलीच आहे. प्रश्न वेळेचा आहे. पावसाळापूर्व कामे आपल्याकडे मोठ्या धडाक्याने होतात. एप्रिल-मेमध्ये फांद्या तोडतात, तारा ओढतात, दिवसभर वीज बंद ठेवतात. वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. म्हणजे डोंगर जळून गेल्यावर आपण त्याच्यावरच्या तारा नीट करतो. उन्हाळापूर्व काम हा शब्दच आमच्या कोशात नाही. वनखाते हिवाळ्यात जाळरेषा काढते. त्याच आठवड्यात, त्याच माणसांबरोबर वायरमनने त्या पट्ट्यातल्या लाइनखालून एक फेरी मारायला काय हरकत आहे? दोन खात्यांनी एकत्र चालू नये असे काही शास्त्र आहे काय?

कॅलिफोर्नियात आणखी एक तोड काढली आहे. वाऱ्याच्या दिवशी आधीच वीज बंद ठेवायची. इकडे कोणी ती उचलील म्हणून आताच सांगून ठेवते. आमच्याकडे अशी बंदी कोणावर येईल ते मला न सांगता कळते. डोंबिवलीच्या पंख्यावर येणार नाही. पाड्यावरच्या एकुलत्या एक दिव्यावर येईल, आणि वर ‘तुमच्याच भल्यासाठी’ म्हणून सांगतील.

वायरमनला मी दोष देणार नाही. पावसात, रात्री, कधी हातमोज्यांशिवाय खांबावर चढणारी ही माणसे. कित्येक कंत्राटावरची. लाइन न पाहता वीज सोडा असे त्यांना कोण सांगते? आम्ही सांगतो. मी सांगितले, तीनदा, वावग्या शब्दांसकट. आमच्या मध्यमवर्गाला वीज गेली की तेवढ्यापुरती लोकशाही आठवते.

गेल्या दोन हिवाळ्यांत मी मुलांना घेऊन शाळेपासून पाड्यापर्यंतच्या खांबांचे नंबर उतरवून घेतले. गणिताचाच तास. कोणत्या खांबाखाली गवत किती, कुठे तार हाताशी आल्यासारखी लोंबते, हे मुलांनी वहीत मांडले. अर्जाची पोच मिळाली. अकरापैकी चार ठिकाणी स्पेसर बसले. खांबाखालचे गवत पाड्यातल्या बायकांनीच कापले. त्यांना कोणी सांगितलेही नव्हते आणि मजुरीही दिली नाही.

यंदा मार्चमध्ये पुन्हा एका वाऱ्याच्या संध्याकाळी दिवे गेले. मी फोन उचलला. ‘लाइट कधी येणार’ हे विचारले नाही. विचारले, ‘लाइन कोणी बघून आलं का?’ पलीकडे क्षणभर कोणी बोलेना. मग आवाज आला, ‘बाई, आम्ही दोघंच आहोत, एक गाडी आहे, आणि ती दुसरीकडे गेलीय. डोंगराकडे जाऊन यायला दीड तास लागेल. तुमच्या बिल्डिंगमधून आतापर्यंत नऊ फोन आलेत.’ मी म्हटले, ‘जाऊन या. तोवर सोडू नका.’ खाली उतरून काकांना आणि वहिनींना सांगितले. काका रागावले, अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पावणेदहापर्यंत सगळी इमारत अंधारात बसली होती. मी गच्चीवर गेले. डोंगर काळा होता.